‘टाकलेले’ आणि ‘लांब असलेले’

गणपती विसर्जनानंतरचा आठवडा मालवणच्या किनारपट्टीवरील दवाखान्यांत वेगळाच असतो. चाकरमानी मुंबईला परतलेले असतात, माटवी उतरलेली असते आणि सत्तरीपुढील रुग्ण एकामागून एक येऊ लागतात. कोणाला झोप नाही, कोणाला अन्न गोड लागत नाही, कोणाच्या पायांतले बळच गेले आहे. रक्तदाब मोजावा तर तो महिन्यापूर्वी होता तेवढाच.

अशाच एका आठवड्यात एक आजी शेजारणीचा हात धरून आल्या. वजन कमी झालेले, गोळ्यांची पाकिटे अर्धवट भरलेली. त्यांना आत निजवून मी शेजारणीला घरची चौकशी केली. ती हळू आवाजात म्हणाली, “टाकलेली आहे हो ती.” आजींचे कान मला वाटले त्याहून तिखट होते. त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, “झिलान माका टाकूक नाय. तो लांब आसा, इतक्याच.”

त्या एका वाक्याने मला शब्दांकडे पुन्हा पाहायला लावले. वाचकहो, रोगाचे निदान करताना आम्ही शब्दांबाबत काटेकोर असतो. मग नात्यांबाबत बोलताना एवढे सैल का असावे?

‘टाकणे’ या क्रियापदाचा आपल्या भाषेतील संसार मोठा आहे. आजारी माणूस अन्न टाकतो, अंग टाकतो, मान टाकतो. या तिन्ही पायऱ्या आम्ही डॉक्टर डोळ्यांनी पाहतो. ‘टाकून बोलणे’ म्हणजे समोरच्याला कमी लेखून बोलणे. माणूस घरात असताना, दोन वेळचे ताट समोर येत असतानाही त्याला टाकून बोलता येते, आणि माझ्या अनुभवात रिकाम्या घरापेक्षा हे अधिक खोल लागते. ‘त्याग’ आणि ‘परित्याग’ एकाच धातूचे; पण त्याग करणारा वंदनीय ठरतो आणि परित्याग करणाऱ्यावर दोष येतो. नवऱ्याने सोडलेल्या स्त्रीला पूर्वी सरसकट ‘टाकलेली’ म्हणत. स्त्री चळवळीने ‘परित्यक्ता’ हा शब्द रुळवला तेव्हा निदान त्या हिणकस उच्चारातून तिची सुटका झाली. वृद्धांसाठी आपण असा शब्द अजून शोधलेला नाही.

‘बेवारस’ हा शब्द तर मला नेहमी चकवतो. रुग्णालयात ज्याच्यासोबत कोणी नाही त्याच्या कागदावर तो उमटतो. त्याचा अर्थ वारस नसलेला. प्रत्यक्षात त्याच माणसाच्या सातबाऱ्यावर पुढे चार-चार वारसांची नावे चढतात.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना आपण सुमारे १९ हजारांनी घटलो. तरुण पोटासाठी गेले, घरे राखायला म्हातारी माणसे उरली. या साऱ्यांना त्यांच्या मुलांनी टाकले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येक मुले दरमहा पैसे पाठवतात, सुटी साठवून चतुर्थीला आणि जत्रेला येतात.

कायद्यानेही हा भेद ठेवला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ सालच्या कायद्यानुसार, ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने कोठेही ठेवून जाणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हेतू महत्त्वाचा, अंतर नव्हे. निर्वाहासाठी दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंतची रक्कम मिळावी म्हणून प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. घर किंवा बाग मुलांच्या नावे करणार असाल, तर ‘सांभाळ करील’ ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. ती मोडल्यास दस्त रद्द करून मागता येतो. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आता माझ्या विषयाकडे येतो. लांब असलेल्या मुलांना फोनवरून जे कळत नाही, ते शरीर सांगत असते. वृद्धांमधील नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसते. ते भूक मंदावणे, पहाटे तीनला जाग येणे, ‘अंगात दम नाही’ अशा तक्रारींतून येते. मात्र प्रत्येक उदासपणा मनाचा असे मानू नका. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ‘बी-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव हेही असेच दिसतात आणि साध्या रक्ततपासणीत सापडतात. एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागलेल्या वृद्धाबद्दल ‘वय झाले’ म्हणून गप्प बसू नये. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीने रक्तातील सोडियम घसरले असेल, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असेल, मधुमेहाच्या गोळीने साखर उतरली असेल. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

फोनवर “बरी आहेस ना?” असे विचारले की आई “बरी आहे” हेच उत्तर देते, तिला दुसरे उत्तर ठाऊकच नसते. त्याऐवजी आज काय रांधले, कोणाबरोबर बोललीस, असे विचारा. व्हिडिओवर गोळ्यांची पेटी दाखवायला सांगा. घराची एक किल्ली शेजारी द्या आणि त्या शेजाऱ्याचा फोन नंबर सर्व भावंडांकडे असू द्या.

आणखी एक माणूस या चर्चेत नेहमी विसरला जातो. तो म्हणजे घरी राहून सांभाळ करणारी सून, लेक किंवा क्वचित धाकटा मुलगा. बाकीची भावंडे पैसे पाठवतात आणि सल्ले देतात. दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस दर दोन तासांनी बदलणारी एक स्त्री मला म्हणाली होती की सासूबाईंना कोणी टाकले नाही, टाकले ते मला. तिचा रक्तदाब सासूपेक्षा जास्त होता. अशा घरी वर्षातून पंधरा दिवस येऊन बसणारे माणूस औषधाइतकेच कामाचे असते.

त्या आजींचे हिमोग्लोबिन ८ निघाले. उपचार सुरू झाले, मुलाशी मीही बोललो. आता तो रोज साडेसातला फोन करतो. परवा त्या तक्रार घेऊन आल्या, की तो रोज काय जेवलीस ते विचारतो म्हणून एकटीसाठीसुद्धा बांगड्याचे तिखले करावे लागते.