एका रिकाम्या जागेचे मोल

अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना माझी तांबडी खूण वारंवार एकाच ठिकाणी उमटते. ‘किमती वाढत असाव्यात’ हे इंग्रजीत सांगताना विद्यार्थी ‘मे बी’ ही दोन पदे जोडून टाकतो. जोडताच वाक्यातले क्रियापद लोपते. उरते केवळ ‘कदाचित’. ‘एव्हरी डे’ सुटे लिहिल्यास ‘दररोज’. जोडल्यास ‘नित्याचे’ हे विशेषण. ‘ऑल रेडी’ म्हणजे सारे सज्ज. जोडताना एक ‘एल’ गळतो आणि अर्थ होतो ‘यापूर्वीच’. कचेरीच्या पत्रात एवढ्याने तयार बिलांचा घोटाळा होऊ शकतो.

हा निव्वळ शुद्धलेखनाचा दोष मानून आपण याद्या घोकून घेतो. वस्तुतः कसोटी सोपी आहे : अर्थ न बिघडता मध्ये आणखी एखादा शब्द बसतो काय? ‘एव्हरी’ आणि ‘डे’ यांमध्ये ‘सिंगल’ बसला, तर ती पदे सुटीच लिहावीत.

मराठी माणसाला हे परके नाही. ‘पुस्तके आजवर ठेवली’ आणि ‘पुस्तके आज वर ठेवली’ यांतील भेद शाळकरी मुलासही उमगतो. तोच कान इंग्रजी लिहिताना जागा ठेवला, तर याद्यांचे ओझे पुष्कळ हलके होईल.