पटावर अकरा मुलं

माझ्या शाळेच्या पटावर अकरा मुलं आहेत. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडहून लाहेरीकडे जाताना मधेच रस्ता सोडायचा, दोन नाले ओलांडायचे, की शाळा येते. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. एकोणीस वर्षं मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे आणि तेवढीच वर्षं शिक्षक संघटनेचा सभासद. आम्ही मोर्चे काढतो ते पगारासाठी आणि बदल्यांसाठी, असं बाहेर समजतात. आमच्या भांडणात मुलांचा शाळेत टिकण्याचा प्रश्न कुठे बसतो, ते इथल्या मातीवरून सांगतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा, अमलात आला १ एप्रिल २०१०पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचं नाव दाखल करणं, त्याची हजेरी राहील हे पाहणं आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करून घेणं ही सरकारची जबाबदारी ठरली. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, असं महाराष्ट्राच्या नियमांत आलं. साठपर्यंत मुलं असतील तर प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक, हे कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलं आहे. शिवाय आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही की शाळेतून काढायचं नाही, हे कलम १६.

हे कलम २०१९ मध्ये सैल झालं. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना मिळाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती घेतली. वार्षिक परीक्षेत नापास झालेल्याला पुन्हा एक संधी. तिथेही नापास झाला तर त्याच वर्गात. माझ्या संघटनेतले कितीतरी सहकारी परीक्षेच्या बाजूचे आहेत. परीक्षा नाही म्हणून मुलं वाचत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शहराजवळच्या शाळेत ते खरं असेलही. मी त्यांच्याशी दर बैठकीत वाद घालतो.

कारण परीक्षा एप्रिलमध्ये, आणि इथे एप्रिल म्हणजे मोह. फूल पहाटे गळतं. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर गुरं खातात. घरातली सगळी माणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, सात वर्षांची पोरंसुद्धा. उन्हाळ्यात शाळाही सकाळचीच असते. मोह वेचून वाळवला की त्यावर वर्षाचं तेल-मीठ निघतं. त्या दिवसांत हजेरीपटावर ‘गै’ लिहिताना मला कुणाला दोष देता येत नाही. काही घरं तर त्याआधीच तेलंगणात मिरची तोडायला गेलेली असतात. लेकरांना ठेवायचं कुणापाशी, म्हणून ती सोबत जातात. सलग महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल आपल्या राज्यात शाळाबाह्य धरतात. आमच्याकडे एकेका फेब्रुवारीत अर्धा वर्ग त्या व्याख्येत जातो.

पाचवीतली एक मुलगी अशीच गेली होती. परत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. जूनच्या पुनर्परीक्षेला मी तिला घरून घेऊन आलो. घरी, गावात, रानात ती माडिया बोलते, प्रश्नपत्रिका मात्र मराठीत. झाडांची नावं, पाखरांची नावं, कुठल्या कंदाचं काय करायचं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. परिसर अभ्यासाच्या प्रश्नातला मराठी शब्द कळला नाही म्हणून उत्तर कोरं राहिलं. ती नापास झाली. तिचा बाप शांतपणे म्हणाला, ‘गुरुजी, नापास झाली तर मग घरीच राहू द्या. लहान भावाला सांभाळंल.’ त्या पावसाळ्यात मी तिच्या घरी चार वेळा गेलो, तेव्हा कुठे ती ऑगस्टमध्ये परत बसली. शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं कायद्याचंच कलम २९ सांगतं. मला स्वतःला माडियात दोन वाक्यं धड बोलायला तीन वर्षं लागली, आणि ती मला मुलांनीच शिकवली. आमच्या संघटनांनी भाषेच्या प्रशिक्षणाची मागणी वेतन आयोगाच्या मागणीइतक्या जोरात कधी केली नाही, हे मला मान्य करावंच लागेल. आमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा तिला अनधिकृत ठरवायला हाच कायदा पुढे केला गेला. त्या वेळी शिक्षकांनी त्या गावाच्या बाजूने उभं राहायला हवं होतं.

आता पटाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत दाखवलं गेलं. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा १४,७८३ आणि त्यांत मुलं १ लाख ८५ हजारांवर. मग १५ मार्च २०२४चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. संचमान्यता म्हणजे पट पाहून शिक्षकांची पदं ठरवणं. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथे शिक्षकच मंजूर होत नाही, हा त्यातला सगळ्यात बोचणारा भाग. वर्ग बंद करतो असं कुणी म्हणत नाही, फक्त शिकवणारा काढून घेतात. पाठोपाठ ५ सप्टेंबरला, ऐन शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक पद कंत्राटी भरायचा निर्णय निघाला.

या दोन्ही निर्णयांविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ला राज्यभरच्या प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे नेले. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही आदल्या दिवशीच निघालो. निघताना शाळा व्यवस्थापन समितीला सांगितलं, की उद्या शाळा बंद राहील, रविवारी भरून काढू. एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘तुमी गेले अन् आलेच नाही तर?’ या गावाने शिक्षक येताना आणि जाताना पुष्कळ पाहिले आहेत. आम्ही आलो आणि रविवारी शाळा भरवली. कंत्राटी भरतीचा निर्णय शासनाने पुढे रद्द केला. संचमान्यतेचा मात्र राहिला, आणि तो रद्द व्हावा म्हणून ५ डिसेंबर २०२५ला पुन्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या वेळी टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, सक्तीचा प्रश्नही जोडीला होता.

समूह शाळेला बस मिळेल, असं सांगतात. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागडचाच संपर्क तुटतो. आमच्या नाल्यांवर तर पूलच नाही. सात वर्षांच्या मुलाने जुलैत कुठल्या बसमध्ये बसायचं? मग उरते ती आश्रमशाळेतली निवासी सोय. मोठ्या मुलांसाठी ती चांगली आहे. याच तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६पासून निवासी शाळा चालवून पिढ्या घडवल्या. पण पहिलीतल्या लेकराला आईजवळून उचलायचं की नाही, हे आईने ठरवावं. जवळची शाळा काढून घेऊन तिच्यावर ते लादू नये.

तालुक्याच्या बैठकीत मी एकच ठराव मांडला आहे. संचमान्यतेच्या तक्त्यात पटाशेजारी तीन रकाने वाढवा: पुढच्या शाळेचं पायी अंतर, वाटेतले बिनपुलाचे नाले आणि मुलांची घरची भाषा. हे तीन रकाने भरून मगच पदांचा आकडा लिहा. तुम्ही कुठल्याही जिल्ह्यातले असाल, ‘कमी पटाची शाळा’ ही बातमी वाचली तर तुमच्या आमदाराला एवढंच विचारा, की ती शाळा गेल्यावर तिथल्या पहिलीतल्या मुलाला किती चालावं लागेल.