जी फांदी मूळ धरत नाही तिचं काय करायचं?

जास्वंदाची फांदी कुंडीत खोचली की बहुतेक वेळा लागते. त्यामुळे आपल्याला वाटतं, सगळीच झाडं अशी लागत असतील. पण अमेरिकेच्या पूर्व भागात काल्मिया लॅटिफोलिया नावाचं एक झुडूप आहे. फुलं इतकी देखणी, की कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांनी ते राज्यफूल केलंय. त्याची छाट कलमं मात्र मुळं धरायला भयंकर नखरे करतात. मग बी पेरा की! पण बियांपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नाही. गडद लाल कळ्यांची एखादी जात मिळाली, तर ती वाढवायची कशी?

याचं उत्तर बाटलीत मिळालं. १९८० मध्ये लॉइड आणि मॅककाउन यांनी काल्मियाच्या शेंड्याचा बारीक तुकडा वाढवून दाखवला. गंमत अशी, की तोवर सगळे वापरत ते १९६२ चं एमएस मीडियम तंबाखूसाठी बनवलेलं, क्षारांनी भरलेलं. त्यात लिटरमागे १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट. या दोघांनी ते ४०० वर आणलं, बाकीचं गणितही बदललं. हेच वुडी प्लांट मीडियम. माझी झाडं वेगळी आहेत, पण मीडियम हेच, म्हणून या जोडीबद्दल मला जरा जास्तच माया!

आता खरी गोष्ट. सायटोकायनिनमुळे बाटलीत फुटव्यांचा गुच्छ येतो. तो तोडून पुन्हा नव्या मीडियमवर लावायचा. असं अनेकदा केलं की वयस्क झाडाचे फुटवे हळूहळू रोपट्यासारखे, कोवळ्या वयाचे वागू लागतात, आणि कोवळं अंग मुळं लवकर धरतं. म्हणजे बाटली नुसती संख्या वाढवत नाही, झाडाचं वयही मागे नेते. म्हणून मुळं बाटलीतच फुटायला हवीत असंही नाही. इवले फुटवे थेट ओलसर पीटमध्ये खोचूनही लागतात.

फक्त झाकण घाई करून काढू नका. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. माझा पहिला ट्रे मी सकाळी उघडा ठेवला, दुपारी जेवून आले तर सगळी रोपं माना टाकून पडलेली. आता झाकण रोज थोडं थोडं सरकवते, दोन आठवडे.