कुलवृत्तान्ताचें सॉफ्टवेअर : फुकट कीं विकत?

आमच्या कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीचें काम निघालें आणि पहिला वाद पडला तो संगणकावर वंशावळ मांडण्याचें सॉफ्टवेअर फुकट घ्यावें कीं विकत, यावरून. काकांचें म्हणणें, फुकटच्या वस्तूला वाली नसतो. पुतण्याचा आग्रह 'ग्रॅम्प्स'चा. तें मोफत असून त्याची घडणहि सर्वांना खुली आहे.

काकांचें म्हणणें अगदींच सोडून देण्याजोगें नव्हे. ग्रॅम्प्स अडलें तर हक्कानें जाब विचारावा असें दुकान नाहीं; घरांत कोणी जाणता नसेल तर तें जड जातें. पण विकतचा वाली तरी कायमचा कोठें असतो? अमेरिकेंतील 'फॅमिली ट्री मेकर' हें पैसे मोजून घ्यावयाचें जुनें सॉफ्टवेअर. डिसेंबर २०१५ मध्यें अॅन्सेस्ट्री कंपनीनें त्याची विक्री थांबविण्याचें जाहीर केलें, आणि वर्षानुवर्षें त्यांत माहिती भरीत आलेलीं कुटुंबें हवालदिल झालीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें दुसरी कंपनी पुढें आली म्हणून निभावलें.

तेव्हां किंमतीआधीं पाहावें तें हें कीं, भरलेली माहिती 'गेडकॉम' स्वरूपांत बाहेर काढतां येते काय? वंशावळींच्या देवघेवीसाठीं मॉर्मन पंथीयांनीं १९८४ सालीं काढलेलें हें स्वरूप वरील दोहोंनाहि समजतें. छायाचित्रें मात्र त्याबरोबर येतीलच असें नाहीं. तीं निराळीं जपावीं.

तूर्त ग्रॅम्प्सवर काम चाललें आहे. सुनेचीं माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें त्यांत नोंदवितां येतात, हें वहिनींना विशेष पसंत पडलें. काकांच्या समाधानासाठीं दरमहा एक छापील प्रत काढून कपाटांत ठेवतों.