आत्ता इथंच होतं!

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, कुठल्याही गावच्या सर्पमित्राला विचारा. फोनवरचं वाक्य ठरलेलं: "भाऊ, घरात जनावर निघालंय, लवकर या." तो गाडी लावेपर्यंत दुसरं वाक्य तयार असतं: "आत्ता इथंच होतं हो, कुठं गेलं की!" दार बंद, खिडकी बंद, अर्धी गल्ली डोळ्यांत तेल घालून उभी, आणि दोन हात लांबीचा जीव दहा बाय बाराच्या खोलीतून पसार.

ही किमया सापाच्या हाडांची. आपल्या बरगड्यांच्या १२ जोड्या, त्यातल्या बहुतेक पुढं छातीच्या हाडाला जखडलेल्या. सापाच्या कण्यात साधारण दोनशेच्या वर मणके, काही जातींत त्याहून कितीतरी जास्त, आणि धडातल्या जवळपास प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी. छातीचं हाड मात्र मुळातच नाही. म्हणजे हा पिंजरा खालून उघडा! म्हणून अंग हवं तसं चपटं होतं, आणि जिथून डोकं जातं तिथून मागचा सगळा साप जातो. अपवाद नुकताच उंदीर गिळलेल्या सापाचा किंवा पोटात अंडी असलेल्या मादीचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन मत्स्यालयातला नागराज असाच निसटला. त्याच्या काचघराच्या छतात दिवा होता. जुना बल्ब इतका तापायचा की साप त्याच्या जवळ फिरकत नसे. वीज वाचवायची म्हणून कमी तापणारा बल्ब बसवला आणि त्याच दिव्याच्या फटीतून स्वारी छतात गेली. कुलूप शाबूत, काच शाबूत. इतके दिवस तिथल्या सापांना अडवत होती ती नुसती उष्णता, आणि हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग क्ष-किरण यंत्र लावून भिंती तपासल्या. साप जवळच, भिंतीच्या पोकळीत. शेवटी, निसटल्यापासून आठवडाभरानं, तो आपल्या पायांनी, म्हणजे पोटानं, काचघरात परतला. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातून एक इजिप्शियन नाग नाहीसा झाला आणि शहराची झोप उडाली. जवळपास आठवड्यानं तो सापडला, त्याच इमारतीत!

घाबरलेला साप लांब पळत नाही. अंगाला सगळीकडून स्पर्श होईल अशी पहिली अंधारी फट गाठतो आणि गप्प राहतो. भुकेची त्याला घाई नसते. कित्येक साप महिनोनमहिने उपाशी राहू शकतात.

आता कुणी म्हणेल, आमच्या परभणीत साप पाळतो कोण? बरोबरच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार नाग, धामण, मांडूळ असले देशी साप बाळगणं गुन्हा आहे. मोठ्या शहरांत बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळणारे आहेत, त्यांना २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पण सापाचं शरीर स्टॉकहोममध्ये काय नि सेलूत काय, एकाच नियमानं चालतं. म्हणून शोधही एकाच रीतीनं घ्यायचा.

साप अंगची ऊब तयार करत नाही, हे धरून चाला. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो रांजणाच्या बुडाशी, न्हाणीत, कूलरच्या वाळ्यामागं मिळेल. डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की फ्रिजच्या कॉम्प्रेसरमागं किंवा चुलीजवळच्या सरपणात. शिवाय तो खोलीच्या मधून सहसा जात नाही, भिंतीची कड धरून चालतो. त्यामुळे कडेकडेनं, उंबऱ्यावर, मोरीच्या तोंडाशी रात्री रांगोळी चाळून टाकायची. सकाळी तिच्यावर उमटलेली नागमोडी रेघ कपाटाकडं गेली की बाहेर, ते दिसतं. मला तर ही युक्ती त्या क्ष-किरण यंत्रापेक्षा हुशार वाटते.

जुन्या माळवदाच्या घरात वरही बघावं. कवड्या साप पालींच्या मागं भिंत चढतो आणि किलचनांच्या फटीत बसतो. तो बिनविषारी, पण मण्यार समजून हकनाक मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट. मण्यारीचे नेमके उलटे. अर्थात, हे जवळ जाऊन पडताळू नये. मण्यार जमिनीवर झोपलेल्यांना रात्री चावते आणि दंश अनेकदा कळतही नाही. खाटेवर, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी लावून झोपलेलं बरं. दंशाची शंका आली तरी १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर साप घरात का येतात, याचं अर्धं उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांत उंदीर आणि त्यांच्यामागं साप राहतात. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात, बिळात पाणी भरतं. मग दाराखालची बोटभर फट म्हणजे उघडी वेसच. तिला रबरी पट्टी, मोरीच्या पाइपाला बारीक जाळी, कडब्याची गंजी आणि गोवऱ्या भिंतीपासून लांब, धान्याच्या पोत्यांखालची उंदरांची बिळं बुजवलेली; एवढ्यानं पुष्कळ काम होतं. गंधक, फिनेल यांवर भरवसा ठेवू नये.

आणि सापडलेला साप पुन्हा सुटू नये म्हणून? वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा, जाणत्यालाच पकडू द्या. जाणता माणूस कापडी पिशवी उलटी करून घेतो, शिवण बाहेर राहील अशी. कारण साप नाकानं आतली एकेक शिवण चाचपत जातो आणि सुटलेला एक टाका त्याला पुरतो. पिशवीचं तोंड पिळून दुहेरी गाठ, मग ती झाकणाच्या डब्यात. आणि सोडायचं ते जवळच्याच रानात. लांब नेऊन टाकलेला साप अनोळखी मुलखात भटकत राहतो आणि बरेचदा मरतो.