स्वॅप जागा

स्वॅप जागा ही युनिक्स व लिनक्ससारख्या कार्यप्रणालींमध्ये डिस्कवर राखून ठेवलेली जागा होय. मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी पडू लागली की कर्नेल तिच्यातील सध्या न लागणारी पाने या जागेत नेऊन ठेवते आणि गरज भासताच परत आणते. प्रारंभीच्या युनिक्समध्ये संपूर्ण प्रक्रियाच अशी डिस्कवर हलवली जात असे. ३बीएसडी या १९७९ च्या आवृत्तीपासून एकेक पान हलवण्याची सोय झाली. नाव मात्र जुनेच राहिले.

लहान आभासी सर्व्हरवरील अडचण

अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबई विभाग सुरू केला. कर्जत व खालापूर तालुक्यांच्या शेजारी, पनवेल येथे योट्टा कंपनीचे डेटा सेंटर २०२० साली सुरू झाले. मोठ्या यंत्राचा लहानसा हिस्सा आभासी सर्व्हर म्हणून भाड्याने मिळू लागल्याने स्वतःचे यंत्र न घेताही संकेतस्थळ चालवता येते. मात्र स्वस्त हिश्श्यात रॅम थोडी असते आणि पुष्कळदा स्वॅप मुळीच नसते.

समजा, कर्जतमधील एका शाळेचे संकेतस्थळ १ गिगाबाइट रॅमच्या सर्व्हरवर आहे. कार्यप्रणालीने २०० मेगाबाइट व डेटाबेसने ३५० मेगाबाइट घेतल्यावर सुमारे ४७० मेगाबाइट उरतात. पान तयार करणारी प्रत्येक प्रक्रिया ६० मेगाबाइट घेत असेल, तर अशा सातच प्रक्रिया मावतात. मांडणीत मात्र वीस प्रक्रियांना परवानगी आहे. एरवी हे कोणाच्या लक्षात येत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी वीसही प्रक्रिया एकदम उभ्या राहतात. रॅम संपताच कर्नेल एखादी प्रक्रिया बंद पाडते, आणि निवड बहुधा सर्वाधिक स्मृती व्यापणाऱ्या प्रक्रियेची होते. ती येथे डेटाबेसची. पालकांना ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ एवढाच संदेश दिसतो आणि दोष डेटाबेसमध्येच शोधला जातो.

निदान

‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलची नोंद पाहावी; तीत ‘आउट ऑफ मेमरी’ असा मजकूर व बंद पाडलेल्या प्रक्रियेचे नाव आढळते. ‘फ्री’ या आज्ञेत मोकळ्या रॅमचा आकडा लहान दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या साठ्यासाठी वापरते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा स्तंभ. स्वॅप काही प्रमाणात भरलेली असणे हाही बिघाड नव्हे. अनेक दिवस न लागलेली पाने तेथे पडून असतात. खरी खूण ‘व्हीएमस्टॅट’च्या ‘एसआय’ व ‘एसओ’ या स्तंभांत मिळते. पहिली ओळ सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असल्याने ती सोडून द्यावी. पुढील ओळींत दोन्ही आकडे सतत मोठे असतील, तर पानांची ये-जा अखंड चालू असून सर्व्हर त्यातच गुंतला आहे, असे समजावे.

उपाय

स्वतंत्र विभाग नसल्यास स्वॅप फाइल करता येते. ‘डीडी’ने शून्ये भरून फाइल तयार करावी, कारण मध्ये रिक्त जागा असलेली फाइल नाकारली जाते. तिचे अधिकार ६०० ठेवावेत. स्मृतीतील पानांत परवलीचे शब्दही असू शकतात. नंतर ‘एमकेस्वॅप’ व ‘स्वॅपऑन’ या आज्ञा देऊन ‘एफएसटॅब’मध्ये नोंद करावी, अन्यथा सर्व्हर पुन्हा सुरू होताच ही सोय नाहीशी होते.

रॅमच्या दुप्पट स्वॅप ठेवण्याचा जुना नियम आज आंधळेपणाने पाळण्याजोगा नाही. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पट मंद असते. त्यामुळे वाढवलेली स्वॅप अचानक आलेला भार काही काळ सोसते, कायमची उणीव भरून काढत नाही. वरील उदाहरणात प्रक्रियांची कमाल संख्या वीसवरून सहावर आणणे हाच मुख्य उपाय आहे. काही पालकांना थोडे थांबावे लागेल, पण निकाल दिसेल.

ओपनव्हीझेडसारख्या पद्धतीत सर्व ग्राहकांचे कर्नेल एकच असल्याने ग्राहकाला सहसा स्वतः स्वॅप जोडता येत नाही. तेथे सेवापुरवठादाराकडेच मागणी करावी लागते. चालू सर्व्हरवर ‘स्वॅपऑफ’ देण्यापूर्वी स्वॅपमधील पाने रॅममध्ये मावतील याची खात्री करावी.