एकच गठ्ठा ठेवला तर डोंगर, सहा केले तर दिवसाचे काम

रोहिण्या सरून मृगाचे ढग जमू लागले की गावात दोन ठिकाणी सारखीच धांदल उडते. शेतकऱ्याच्या घरी बियाणे, खत, मजूर, बँक, बिघडलेली मोटार आणि पोरांचा शाळाप्रवेश एकाच आठवड्यात येऊन पडतात. तिकडे चावडीवर वारसनोंदीचे अर्ज, दाखले, वळवाच्या वाऱ्यात उडालेल्या पत्र्यांचे पंचनामे आणि तालुक्याहून आलेला ‘माहिती आजच्या आज पाठवा’ हा निरोप, सगळे एकदमच टेबलावर येते. माणूस सकाळी कामाला लागतो, दहा कामांना हात लावतो, आणि संध्याकाळी बघावे तर एकही पुरे झालेले नसते. ‘काय करू अन् काय नको’ असे होऊन जाते.

कामे जास्त असतात हे खरेच. पण धास्ती भरते ती सगळी कामे एकाच ढिगात पडलेली असतात म्हणून. आज करायचे कोणते, थांबायचे कशासाठी आणि टाकून द्यायचे कोणते हे ढिगाकडे बघून कळत नाही. यावरचा उपाय आपल्याच सरकारी कचेऱ्यांत फार वर्षांपासून आहे. त्याचे नाव ‘सहा गठ्ठा पद्धत’. कारकुनी परीक्षेपुरती ती पाठ करून पुढे विसरून जायची, असे बऱ्याच ठिकाणी झाले आहे. ती कचेरीत तर उपयोगी आहेच, शेतकऱ्याच्या घरातही तितकीच उपयोगी आहे.

सहा गठ्ठे कोणते?

पहिला गठ्ठा चालू कामाचा. आपल्याच हातून आता व्हायचे आहे तेवढेच कागद यात.

दुसरा प्रतीक्षाधीन. म्हणजे आपण आपले काम केले, आता दुसऱ्याकडून उत्तर यायचे आहे किंवा मुदत संपायची आहे.

तिसरा नियतकालिकांचा. दर महिन्याला, तिमाहीला, वर्षाला ठरलेल्या तारखेस जाणारी विवरणपत्रे यात येतात.

चौथा स्थायी आदेशांचा. शासन निर्णय आणि परिपत्रके विषयवार लावून ठेवायची, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको.

पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा. काम संपलेली प्रकरणे वर्गवारी करून बांधायची. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ वर्गाची मुदत त्याहून कमी.

सहावा ‘ड’ वर्गाचा. मुदत संपली की नष्ट करायचे कागद.

अशी वाटणी केली की टेबलावर उरतो तो फक्त पहिला गठ्ठा. साठ कागदांचे ओझे वाटत होते, त्यांतले आज हात लावायचे दहा-बाराच निघतात. तेवढे एका दिवसात हातावेगळे होऊ शकतात.

नगरचा धडा

कागद नीट लावल्याने कचेरीचा कारभार बदलतो हे आपल्या राज्याने पाहिलेले आहे. 1980 च्या दशकात अहमदनगरचे (2024 पासून अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची मांडणी, अभिलेखांची रचना आणि लोकांच्या अर्जांची वाट यांत सुधारणा केली. ती ‘लखीना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागाचे आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’ म्हणजे आजचे काम आज निकाली काढण्याची मोहीम चालवली. तिचा पायाही आधी कागद लावा, मग निकाल द्या, हाच होता.

दुसरा गठ्ठा विसरला तर घर अडते

यातला सगळ्यात जास्त दुर्लक्षित गठ्ठा दुसरा. त्याचा फटका कुणाला बसतो ते बघा. घरातला कर्ता माणूस वारला. बायकोने वारसनोंदीचा अर्ज दिला. फेरफार नोंदवून नोटीस काढली, की जमीन महसूल संहितेप्रमाणे हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते. इथपर्यंत सगळे कायद्याने झाले. पण मुदत कोणत्या तारखेला संपते हे कुठेच लिहिले नसेल, तर कागद ढिगात खाली जातो. पंधराचे पंचेचाळीस दिवस होतात. मंडळ अधिकाऱ्यांकडे प्रमाणित करायला तो गेलेलाच नसतो. तोवर जमीन त्या बाईच्या नावावर नाही, बँक पीककर्ज देत नाही, आणि पेरणी काही तिच्यासाठी थांबत नाही. मग सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो. यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी मुद्दाम अडवलेही नाही. एक तारीख लिहायची राहिली, एवढेच.

म्हणून प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर, वरच्या कोपऱ्यात, पुन्हा कधी बघायचे ती तारीख घालावी आणि तीच तारीख कॅलेंडरवरही टिपावी. रोज सकाळी आधी त्या दिवसाच्या तारखेचे कागद बाहेर काढावेत. याला पाच मिनिटे पुरतात.

चावडीवरचा दिवस

तलाठ्यांना 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी असे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी जुनीच नावे आहेत आणि कामेही कमी झालेली नाहीत. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून संगणकावर मिळू लागला, त्यामुळे उताऱ्यासाठीची रांग बरीच हटली. पण त्या जागी मोबाईल आला. दर दहा मिनिटांनी निरोप, फोटो, तक्ता. हातातला फेरफार अर्धवट टाकून माणूस निरोपाला उत्तर देतो आणि परत वळतो तेव्हा नोंद कुठवर आली होती तेच आठवत नाही.

यासाठी दिवसाचे तीन भाग पाडून बघावेत. सकाळचे दोन तास लोकांसाठी, त्यात पुढ्यात आलेल्या माणसाचे काम. त्यानंतर दीड-दोन तास नोंदींसाठी, त्या वेळात मोबाईल बाजूला. उरलेला वेळ तालुक्याची माहिती, फिरती आणि पंचनामे. सज्जात तीन-चार गावे असतील तर कोणत्या वारी कोणत्या गावी, हा फलक दारावर लावावा आणि पाळावा. फलक पाळला जातो अशी खात्री पटली की लोक वाटेल त्या वेळी येत नाहीत. सरपंच मंडळींनीही याला साथ द्यावी. नोंदींच्या वेळात ‘जरा इकडे या’ असा फोन करू नये.

पूर, गारपीट, निवडणूक आली की ही घडी मोडणारच. ती मोडली तरी गठ्ठे मोडू देऊ नयेत. धावपळ संपली की काम कुठून उचलायचे हे त्यावरून कळते.

शेतकऱ्याच्या घरचे गठ्ठे

आता आपल्या घराकडे या. शेतातल्या कामाचा मुकादम म्हणजे वापसा. वापसा आला की पेरणी किंवा कोळपणी हीच पहिल्या गठ्ठ्यात, बाकी सगळे मागे. त्या दिवशी तालुक्याला जाऊ नये. पाऊस लागून राहिला आणि रानात पाय ठरत नाही, तो दिवस बँकेचा, मोटारीच्या दुरुस्तीचा, कागदांचा.

बँकेत दिलेले कर्जप्रकरण, माती परीक्षणाचा अहवाल, कृषी खात्याकडचा अर्ज हे प्रतीक्षाधीन. कधी विचारायला जायचे ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडावी. रोज फेरी मारली की रोजचा खाडा पडतो आणि काम काही पुढे सरकत नाही.

पावसाळ्यापूर्वीची घटसर्प-फऱ्याची लस, खताचा दुसरा हप्ता, 2021 पासून आपणच मोबाईलवर करायची ई-पीक पाहणी ही नियतकालिके. हंगाम लागण्याआधीच त्यांची यादी करावी. पासबुक, आधार, आठ-अ हे एका पिशवीत, ती पिशवी एका खुंटीला. बियाण्याचे बिल, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक घरात येईपर्यंत जपावे. उगवण झाली नाही तर तक्रारीला पुरावा तोच. आणि गेल्या कितीतरी वर्षांच्या जाहिराती, फाटक्या चिठ्ठ्या यांना सहावा गठ्ठा दाखवावा.

रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून उद्याची तीनच कामे ठरवावीत. कारभारीण कोणते करणार, पोरगा कोणते करणार, हे तेव्हाच बोलून घ्यावे. सकाळी बांधावर उभे राहून ठरवायला गेले की निम्मा पहार बोलण्यात जातो.

पोच मागा, तारीख विचारा

लोकांच्या हातातही काही आहे. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमाप्रमाणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला, त्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली आणि मुदतीत काम झाले नाही तर अपिलाची सोय दिली. म्हणून अर्ज दिला की पोच घ्यावी. ‘साहेब, कधी होईल?’ असे मोघम न विचारता ‘कोणत्या तारखेला येऊ?’ असे विचारावे. तारीख दिली की ती देणाऱ्यालाही लिहून ठेवावी लागते, आणि आपल्याही चार फेऱ्या वाचतात.

सुरुवात करायला शासन निर्णयाची वाट बघायला नको. येत्या सोमवारी टेबलावरचा किंवा घरातल्या फडताळातला सगळा ढीग खाली उतरवावा आणि त्याचे सहा भाग करावेत. एक दिवस यात मोडेल. पण तो ऐन पेरणीत मोडण्यापेक्षा आधी मोडलेला बरा.